वित्त कायद्याचा वकील कंपनीने कधी नेमावा? टर्म शीटवर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम आकाराची एक उत्पादक कंपनी पहिल्यांदाच मोठं मुदत कर्ज घेते आहे. खेळत्या भांडवलाची मर्यादा दुसऱ्या एका बँकेकडून आधीपासून आहे. नव्या बँकेचं मंजुरीपत्र आलं आहे, करार बँकेचा वकील तयार करणार आहे, त्याची फी कंपनी भरणार आहे, आकडे लेखापालांनी पाहिले आहेत आणि दोन्ही संचालकांकडून वैयक्तिक हमी मागितली आहे. अशा वेळी कंपनीने स्वतःचा वेगळा वकील नेमावा का? आणि एरवी कंपन्या असा वकील कधी आणि कशासाठी नेमतात?

नेमावा, आणि कराराचा मसुदा येण्याची वाट न पाहता मंजुरीपत्रावर सही होण्याआधी नेमावा. वर्षानुवर्षं हे काम करताना मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याच गोष्टीची: कंपनी मसुदा घेऊन येते, त्यातलं खटकणारं कलम मी दाखवते, आणि उत्तर मिळतं की 'हे तर मंजुरीपत्रातच होतं, त्यावर सही झाली आहे.' मंजुरीपत्रावर किंवा टर्म शीटवर (कर्जाच्या मुख्य अटींच्या छोट्या कागदावर) ठळक अक्षरांत 'बंधनकारक नाही' असं छापलेलं असतं, म्हणून लोक निर्धास्तपणे सही करतात. खर्च कोणी द्यायचा, गोपनीयता किती पाळायची, ठरावीक मुदतीत दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत, ही कलमं बहुधा त्याच कागदात बंधनकारक असतात. त्याहून महत्त्वाचं कारण बँकेच्या आतल्या कामकाजात आहे. बँकेच्या पतसमितीने त्याच अटींवर कर्ज मंजूर केलेलं असतं. पुढे एखादी अट बदलायची म्हटली तर प्रस्ताव पुन्हा समितीपुढे न्यावा लागतो आणि तुमच्याशी बोलणारा अधिकारी ते टाळतो. सहीपूर्वी जी गोष्ट एका ईमेलवर मिळाली असती, तिच्यासाठी सहीनंतर तीन आठवडे झगडावं लागतं, आणि तोवर यंत्रसामग्रीची ऑर्डर गेलेली असते.

बँकेच्या वकिलाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. त्याची फी तुम्ही भरलीत तरी त्याचा अशील बँकच असते. तो सभ्य असेल, तुमचे फोन उचलेल, कागदपत्रांची यादी समजावून सांगेल, पण 'हे कलम तुम्हाला जाचक आहे, कमी करून घ्या' असा सल्ला तो देऊ शकत नाही. दिला तर तो स्वतःच्या अशिलाशी प्रतारणा ठरेल. तो आपलं काम चोख करतो, आणि म्हणूनच तुमच्या बाजूलाही तेवढंच चोख काम करणारं कोणीतरी हवं.

लेखापाल आणि वकील या दोघांची कामं एकमेकांत मिसळतात असं वाटतं. प्रत्यक्षात लेखापाल आकडा बरोबर आहे का ते पाहतो, तर वित्त कायद्याचा वकील तो आकडा कराराच्या व्याख्येनुसार कसा मोजला जाणार ते पाहतो. एक उदाहरण घेऊ. समजा करारात अट आहे की एकूण कर्ज हे व्याज, कर आणि घसाऱ्यापूर्वीच्या वार्षिक नफ्याच्या साडेतीन पटींहून जास्त असता कामा नये. कंपनीचं कर्ज ३०० आहे, असा नफा १००. गुणोत्तर तीन, म्हणजे ऐसपैस जागा आहे. पुढच्या वर्षी कारखान्याचा एक विभाग दुसरीकडे हलवायला एकदाच २० खर्च झाला. धंदा तसाच चालू आहे, ग्राहक तेच, ऑर्डरी त्याच. करारातल्या नफ्याच्या व्याख्येत 'एकवेळचा, असाधारण खर्च नफ्यात परत जमा धरावा' असे शब्द असतील तर नफा १००च धरला जाईल आणि गुणोत्तर तीनच राहील. ते शब्द नसतील तर नफा ८०, गुणोत्तर ३.७५, आणि एकही हप्ता न चुकवता कंपनी कराराचा भंग केलेली ठरेल. हा सगळा फरक व्याख्यांच्या पानावरच्या एका ओळीचा आहे, आणि ते पान वाचायचा बहुतेकांना कंटाळा येतो. म्हणून मी करार वाचायला घेतला की आधी व्याख्या वाचते आणि वित्त अधिकाऱ्याला शेजारी बसवून मागच्या तीन वर्षांचे आणि पुढच्या तीन वर्षांच्या अंदाजांचे आकडे त्या व्याख्यांत घालून पाहायला लावते. वाईट वर्ष गृहीत धरून अट कुठे तुटते हे सहीपूर्वी कळलंच पाहिजे.

'हा आमचा प्रमाणित मसुदा आहे, यात बदल होत नाहीत' हे वाक्य प्रत्येक कंपनीला ऐकायला मिळतं. लहान रकमेच्या छापील फॉर्मपुरतं ते बरंचसं खरं असतं. मोठ्या कर्जात नसतं. लंडनमध्ये १९९६ साली स्थापन झालेल्या लोन मार्केट असोसिएशनचे मसुदे जगभर पायाभूत म्हणून वापरले जातात, आणि त्यांतही व्यापारी अटींच्या जागी चौकोनी कंस आणि रिकाम्या जागा सोडलेल्या असतात, कारण त्या दोन्ही बाजूंनी ठरवायच्या असतात. शिवाय 'प्रमाणित' कलमंसुद्धा कुठल्या तरी जुन्या भांडणातूनच आलेली असतात. ऑगस्ट २०२०मध्ये सिटीबँकेने रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जाची एजंट (धनकोंच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या, वतीने पैशांची देवघेव पाहणारी बँक) म्हणून केवळ व्याज पाठवायच्या ऐवजी चुकून सुमारे ९० कोटी डॉलर धनकोंना पाठवून दिले. काहींनी पैसे परत करायला नकार दिला, फेब्रुवारी २०२१मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि सप्टेंबर २०२२मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. तोवर 'चुकून पाठवलेले पैसे परत करावेत' असं कलम बाजारातल्या करारांत रूढ झालं होतं. जे.क्रू या कपड्यांच्या कंपनीने २०१६च्या अखेरीस करारातल्या अपवादांचा आधार घेऊन आपल्या ब्रँडच्या हक्कांचा मोठा हिस्सा धनकोंच्या तारणाबाहेरच्या उपकंपनीत नेला. तेव्हापासून तो मार्ग बंद करणारी कलमं धनको मागू लागले आणि त्यांना त्या कंपनीचंच नाव चिकटलं. तुमचा धंदा अगदी सरळ असला तरी असली कलमं तुमच्या करारात येतात आणि उद्या एखादी साधी उपकंपनी काढतानाही आड येतात. कोणतं कलम कशाच्या भीतीने आलं आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच बँकेला सांगू शकतो की ती भीती इथे लागू नाही किंवा त्यावर अमुक एवढी मर्यादा पुरेशी आहे.

वैयक्तिक हमीचा विषय मला फार जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तिथे कंपनीपलीकडे एका घराचं भवितव्य गुंतलेलं असतं. मर्यादित दायित्वाची कंपनी काढायची आणि मग एका सहीने ती मर्यादा काढून टाकायची, असा हा व्यवहार आहे. हमी अमर्याद आहे की ठरावीक रकमेपुरती? आजच्या कर्जापुरती आहे की 'यापुढील सर्व देण्यांसाठी'? संचालकाने कंपनी सोडली तर ती सुटते का? बँकेने आधी कंपनीच्या तारणावर जायचं की थेट हमीदाराच्या दारात यायचं? बहुतेक छापील हमीपत्रांत या प्रश्नांची उत्तरं बँकेच्या बाजूने लिहिलेली असतात, आणि यांपैकी रकमेची मर्यादा आणि सुटकेची अट या दोन गोष्टी वाटाघाटीत मिळू शकतात. 'कर्ज अमुक पातळीखाली आलं की हमी संपेल' एवढं एक वाक्य मिळवलं तरी पुष्कळ झालं.

इथे आणखी एक गाठ आहे. कंपनीचा वकील हा हमीदाराचा वकील नसतो. कंपनीला कर्ज हवं असतं, हमीदाराला धोका नको असतो, आणि दोघांचं हित प्रत्येक वेळी एक नसतं. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००१ साली एट्रिज प्रकरणात पतीच्या व्यवसायासाठी घर तारण ठेवणाऱ्या पत्नींचा प्रश्न हाताळला, आणि बँकेने अशा व्यक्तीला सल्ला मिळाला आहे याची खातरजमा कशी करावी, वकिलाने तिला समोरासमोर काय समजावून सांगावं, हे सविस्तर घालून दिलं. तुमच्या देशात तो निकाल लागू असो वा नसो, त्यामागचा विचार जरूर पाळा. जोडीदाराचं किंवा आईवडिलांचं घर तारण जात असेल, तर त्यांना वेगळ्या वकिलाकडे पाठवा आणि तुम्ही त्या खोलीत बसू नका.

आता कंपन्या हा वकील एरवी कधी नेमतात ते. पहिलं तारणी कर्ज, अनेक बँकांनी मिळून दिलेलं कर्ज, दुसरी कंपनी विकत घेण्यासाठीचं कर्ज, कर्जरोखे काढणं, परदेशी चलनातली उचल, जुनं कर्ज फेडून नवं घेणं, हे ठळक प्रसंग. गुंतवणूकदाराकडून परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या) रोख्यांच्या रूपाने पैसे घेतानाही हाच वकील लागतो. नवउद्योगांना पाठबळ देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेने २०१३मध्ये आणलेल्या 'सेफ'सारख्या (आज पैसे, पुढच्या फेरीत शेअर असा करार) छोट्या कागदात व्याजही नाही आणि परतफेडीची तारीखही नाही, म्हणून संस्थापकांना तो निरुपद्रवी वाटतो. पण असे चार-पाच कागद वेगवेगळ्या मूल्यांकन-मर्यादांवर (शेअर देताना कंपनीची किंमत जास्तीत जास्त किती धरायची त्या मर्यादांवर) दिले गेले की पुढच्या फेरीत संस्थापकांच्या हातात किती हिस्सा उरतो, याचा हिशेब आधी मांडलेला नसतो.

तरत्या (बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या) व्याजदराच्या कर्जाबरोबर बँक स्वॅप (तरता दर ठरावीक दरात बदलून घेण्याचा वेगळा करार) देऊ करते, तोही असाच एक प्रसंग. कर्ज मुदतीपूर्वी फेडलं तरी स्वॅप आपोआप संपत नाही, तो मोडायला त्या दिवशीच्या बाजारभावाने पैसे द्यावे लागतात आणि ती रक्कम मोठी असू शकते. स्वॅपची मुदत आणि रक्कम कर्जाशी तंतोतंत जुळते का, कर्जात व्याजदराला शून्याचा तळ (दर शून्याखाली धरायचा नाही अशी अट) असेल तर स्वॅपमध्येही आहे का, हे कोणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचलं पाहिजे. लायबॉर या दराचं (बँका एकमेकांना ज्या व्याजाने उसने देतात त्यावर बेतलेला, अनेक कर्जांत आधार म्हणून धरला जाणारा दर) उदाहरण ताजं आहे. डॉलर लायबॉरची बँकांच्या पॅनेलवर आधारलेली आकारणी ३० जून २०२३ला संपली. ज्या जुन्या करारांत 'दरच बंद झाला तर काय' याचं धड उत्तर नव्हतं, त्या सगळ्यांना दुरुस्त्या कराव्या लागल्या.

कर्ज फिटतानाही वकील लागतो, हे मात्र फार थोड्यांना पटतं. पैसे फिटले म्हणजे तारण सुटलं असं नसतं, नोंदवहीतली नोंद रीतसर काढावी लागते, आणि ती काढताना बरोबर तीच काढावी लागते. जनरल मोटर्सचं प्रकरण या बाबतीत प्रत्येकाने समजून घेण्यासारखं आहे. कंपनीवर दोन वेगळी देणी होती: सुमारे ३० कोटी डॉलरचा एक भाडेपट्टा-स्वरूपाचा वित्तपुरवठा आणि २००६ सालचं १५० कोटी डॉलरचं मुदत कर्ज. दोन्हींत धनकोंची एजंट जेपी मॉर्गन होती. ऑक्टोबर २००८मध्ये पहिलं देणं फिटत होतं. त्याच्या तारणाच्या नोंदी शोधताना कंपनीच्या नावावरच्या तीन नोंदी सापडल्या. त्यांतली तिसरी मुदत कर्जाची होती, पण ती तशीच यादीत गेली. मसुदे दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या नजरेखालून गेले आणि कोणाच्याच ध्यानात आलं नाही. तिन्ही नोंदी रद्द झाल्या. २००९च्या जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मग प्रश्न उभा राहिला की १५० कोटींचं ते कर्ज तारणी आहे की बिनतारणी. ही नोंद रद्द करायचा आमचा हेतूच नव्हता, असं बँक म्हणत राहिली. जानेवारी २०१५मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ठरवलं की तो कागद दाखल करायला बँकेची परवानगी होती, एवढं पुरेसं आहे. कागदाचा परिणाम समजला होता की नाही हा प्रश्नच नाही. म्हणजे ती नोंद रद्दच ठरली.

यातून माझ्या कामात उतरलेली पद्धत सांगते. व्यवहार पुरा करतानाच्या कागदांच्या यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या कर्जाची, कोणत्या करारातल्या कोणत्या कलमाखालची, हे लिहायचं, आणि ज्याने यादी केली त्याच्याखेरीज दुसऱ्याने मूळ नोंदीचा कागद उघडून ताडून पाहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण ते करावंच लागतं. तारण निर्माण होतानाची मुदतही अशीच काटेकोर असते. इंग्लंडमध्ये कंपनीच्या मालमत्तेवरचा भार (धनकोचा तारणाचा हक्क) २१ दिवसांत नोंदवावा लागतो, भारतात मूळ मुदत ३० दिवसांची आहे. वेळेत नोंद नसेल तर अवसायनात (कंपनी गुंडाळताना) तो भार धरला जात नाही, आणि कर्जदारालाही त्याची झळ बसते, कारण तारण पूर्ण करून देण्याची जबाबदारी करारात त्याच्याच माथी असते.

सगळ्यांत उशिरा बोलावलं जातं ते अडचणीच्या काळात, आणि तिथे उशिराची किंमत सर्वांत जास्त असते. पुढच्या तिमाहीत गुणोत्तर तुटणार हे वित्त अधिकाऱ्याला दोन-तीन महिने आधी दिसत असतं. त्या काळात बँकेकडे गेलं तर ती विनंती असते: अट काही काळ शिथिल करा, त्याबदल्यात आम्ही अमुक माहिती दरमहा देऊ. तारीख उलटल्यावर गेलं तर तो कसूर, म्हणजे कराराचा भंग, असतो. मग नवी उचल थांबू शकते, दंडव्याज सुरू होऊ शकतं, संपूर्ण कर्ज एकदम मागता येतं, आणि 'एका ठिकाणी कसूर म्हणजे सगळीकडे कसूर' हे (क्रॉस डिफॉल्ट) कलम दुसऱ्या बँकेच्या करारात असेल तर तिथेही तीच आग लागते. बँकेचं 'आमचे हक्क राखून' असं पत्र आलं की अनेक संचालक घाईघाईने खुलाशाचं उत्तर लिहितात, आणि त्या उत्तरात कसूर कबूल करून बसतात. ते उत्तर वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय जाता कामा नये.

याच काळात संचालकांची स्वतःची जबाबदारीही बदलते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२मध्ये सेक्वाना प्रकरणात सांगितलं की दिवाळखोरी ओढवण्याची शक्यता दाट झाली की संचालकांनी धनकोंच्या हिताचाही विचार करायचा असतो. अनेक देशांच्या कायद्यांत या ना त्या रूपात हे तत्त्व आहे. अशा वेळी एखाद्या मर्जीतल्या पुरवठादाराला आधी पैसे देणं किंवा संचालकाचं कंपनीला दिलेलं कर्ज गुपचूप फेडून घेणं पुढे उलटवलं जाऊ शकतं, आणि त्या संचालकावर वैयक्तिकरीत्या शेकू शकतं.

मग प्रत्येक वेळी वकील हवाच का? नाही. नेहमीच्या छापील फॉर्मवरची छोटी ओव्हरड्राफ्ट मर्यादा, एखाद्या वाहनाचं कर्ज, एका यंत्राचा भाडेपट्टा यांसाठी तासाभराचं वाचन आणि एक पानी टिपण पुरे होतं. माझा ठोकताळा असा: या कागदामुळे बँकेला कंपनीच्या निर्णयांवर 'आमची संमती घ्या' म्हणण्याचा हक्क मिळतो का, कंपनीबाहेरच्या कोणाची मालमत्ता गुंतते का, किंवा हा करार दुसऱ्या एखाद्या करारावर परिणाम करतो का? यांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर रकमेकडे न पाहता वकील नेमा. लहान रकमेच्या कर्जातसुद्धा संपूर्ण कंपनीवर तारण घेतलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

वकील निवडताना कोर्टातल्या नावाला भुलू नका. खटले लढवणारा उत्तम वकील कर्जाचे करार रोज वाचत असेलच असं नाही. विचारा की अशाच प्रकारचे करार कर्जदाराच्या बाजूने त्याने केले आहेत का, मसुदा प्रत्यक्षात कोण वाचणार, आणि याच बँकेचं काम तो सध्या करतो आहे का. फी शक्य तर ठरावीक रकमेत घ्या, पण त्यात मसुद्याच्या किती फेऱ्या धरल्या आहेत ते लिहून घ्या. आणि त्याला चाळीस पानांचा शेरेबाजीने भरलेला मसुदा मागू नका. एक पान मागा: कोणती पाच कलमं बदललीच पाहिजेत, कोणत्यांवर माघार घेता येईल, आणि प्रत्येकात धोका नेमका काय आहे. पन्नास मुद्दे घेऊन गेलात तर बँक सोपे चाळीस देऊन टाकते आणि महत्त्वाचे दहा तसेच ठेवते.

तुमच्या बाबतीत आज काय करावं, तेही सांगते. मंजुरीपत्रावर सही करू नका. त्याची मुदत संपत असेल तर एक-दोन आठवड्यांची वाढ लेखी मागा, ती सहसा मिळते. खेळत्या भांडवलाच्या जुन्या बँकेचा करार बाहेर काढा. त्यात बहुधा असं कलम असेल की तिच्या संमतीशिवाय कंपनीने नवं कर्ज घ्यायचं नाही आणि मालमत्तेवर दुसऱ्या कोणाचा भार निर्माण करायचा नाही. तसं असेल तर नव्या कर्जाची पहिली उचल होताच जुन्या करारात कसूर होईल, आणि नव्या करारातल्या क्रॉस डिफॉल्ट कलमामुळे तो तिथेही पोहोचेल. म्हणून जुन्या बँकेची लेखी संमती, म्हणजे ना हरकत पत्र, आधी हवं; पण दोन्ही बँकांत कोणाचा कशावर पहिला हक्क, हे त्या दोघींनी आपसांत लिहून देईपर्यंत त्या पत्राला अर्थ नाही. मालसाठा आणि येणी जुन्या बँकेकडे, यंत्रं आणि इमारत नव्या बँकेकडे, अशी वाटणी सहसा दोघींना मान्य होते. ती मंजुरीपत्रातच नमूद करून घ्या, हमीच्या रकमेची मर्यादा त्याच पत्रात मागा, नफ्याच्या व्याख्येचे शब्द त्याच वेळी द्या. या तिन्ही गोष्टी एका पत्रात मावतात आणि ते पत्र तुमच्या वकिलाने या आठवड्यात पाठवलं पाहिजे.